मुलगी शेतावर जाते, पुन्हा पुन्हा जाते: एका चित्रपुस्तकाच्या हस्तलिखिताला उत्तर

पुण्यात राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. तिची लेक पाच वर्षांची. सासऱ्यांची मंगळवेढा तालुक्यात ज्वारीची शेती आहे आणि हे कुटुंब वर्षातून चार-पाच वेळा तिकडे जातं. लेकीच्या या फेऱ्यांवर तिने चित्रपुस्तक लिहिलंय, चौदाशे शब्दांचं. त्यात आजोबा नातीला पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं समजावून सांगतात. मोठ्यांनी वाचून ‘छान, माहितीपूर्ण’ म्हटलं, पण लेक मात्र तिसऱ्या पानावर उठून जाते. चित्रकार मैत्रीण विचारतेय की पानं किती आणि कुठल्या पानावर काय काढू. शिवाय बोलीभाषा वापरावी का, आणि दुष्काळ-कर्ज हे विषय लहान मुलांपुढे आणावेत का, असंही तिने विचारलंय.

तुमची लेक तिसऱ्या पानावर उठते, ही तुम्हाला मिळालेली सगळ्यात खरी दाद आहे. ती मोठ्यांच्या कौतुकापेक्षा जपून ठेवा. मी वीसेक वर्षं मुलांच्या चित्रपुस्तकांचं संपादन करतेय आणि शेतावरची हस्तलिखितं माझ्याकडे दरवर्षी येतात. बहुतेकांत हीच अडचण असते. मूल शेतावर जातं, मोठं माणूस बोलतं, मूल ऐकतं आणि घरी येतं. मुलाला करायला काही उरतच नाही.

तुमच्या हस्तलिखितात मात्र एक फार मोलाची गोष्ट आहे आणि तुम्ही ती वापरलेली नाही. ही मुलगी एकदा जात नाही, ती परत परत जाते. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती पुण्यात शाळेत असते आणि शेत तिच्यावाचून वाढत असतं. शेतावर राहणाऱ्या पोराला पीक वाढलेलं चटकन कळत नाही, कारण तो ते रोज बघतो. पाहुण्या मुलीला थेट उडी दिसते. मागच्या खेपेला बोटभर होतं ते आता कमरेला लागतंय! ही उडी म्हणजेच तुमची गोष्ट. चित्रपुस्तकात तर पान उलटलं की उडी मारता येते, ती समजावून सांगावी लागत नाही.

रब्बी ज्वारी हे यासाठी जणू मापून दिलेलं पीक आहे. पेरणी साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे घटस्थापना-दसऱ्याच्या आगेमागे. मालदांडी ही रब्बी ज्वारीची जात चार महिन्यांत हाताशी येते. तुमची लेक साडेतीन फुटांच्या आसपास असेल. दसऱ्याला शेतात नुसती काळी माती, फार तर बोटभर कोंब. दिवाळीला पीक तिच्या गुडघ्याच्या वर, कमरेकडे निघालेलं. वेळा अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, ते तिच्या डोक्यावरून दोन-तीन फूट उंच, कणसं निसवून हुरड्यावर आलेली. आणि महाशिवरात्रीच्या सुमारास काढणी होऊन सगळं आडवं. चार फेऱ्या, चार उंच्या. चौथ्या फेरीत त्या मोकळ्या रानात पुन्हा तीच सगळ्यात उंच. एवढा सांगाडा हातात असताना आजोबांना भाषण करायला लावायची गरज नाही.

याच्या बरोबरीने आजी ठेवा. प्रत्येक फेरीला दारात आजी नातीकडे बघून तेच म्हणते: ‘लई वाढलीस की गं!’ नात पिकाकडे बघून तेच म्हणते. दोघींपैकी कुणालाही यातलं साम्य सांगू देऊ नका. ऐकणारं मूल तिसऱ्या फेरीला आजीचं वाक्य आजीच्या आधी म्हणेल, आणि तिथे पुस्तक त्याचं झालं.

आता पानांचा हिशेब, कारण चित्रकार मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. छपाईचा कागद मोठा असतो, तो घडी घालून त्याचे फॉर्म होतात. म्हणून पानं आठाच्या नाहीतर सोळाच्या पटीत धरतात. तुमच्यासाठी 32 पानं धरा. पहिलं पान नावाचं. शेवटचं, बत्तिसावं, एकटं पान. मध्ये पंधरा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, राहतात. त्यातलं एक प्रकाशनाच्या तपशिलाला जातं. उरली चौदा. चार फेऱ्यांना प्रत्येकी तीन म्हणजे बारा, आणि वरची दोन मी डोळे मिटून वेळा अमावस्येला देईन.

प्रत्येक फेरीतलं पहिलं जोडपान एसटीच्या खिडकीचं करा. चारही वेळा चौकट तीच, खिडकी तीच, तिच्या नाकाचा काचेवरचा ठसाही तोच. बाहेरचं फक्त बदलतं. पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवणच्या पुढे उजनी धरणाचं मागचं पाणी दिसतं. दसऱ्याला ते बहुधा काठोकाठ असतं. पुढच्या फेऱ्यांत ते हळूहळू मागे सरतं, काठाचा चिखल दिसायला लागतो, थंडीत पक्षी येतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगोसुद्धा. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. तुमच्या चौथ्या फेरीत बहुधा ते दिसणार नाही, पण पाणी खाली गेलेलं नक्की दिसेल. या चारही चित्रांवर एक शब्दसुद्धा लिहू नका. वाचून दाखवणारा आई-बाप थांबेल आणि मूल बोलायला लागेल: ‘आई, पाणी कुठे गेलं?’ शेताच्या गोष्टीत पाण्याबद्दल बोलायची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मजकूर चौदाशे शब्दांवरून चारशेवर आणा. दचकू नका. तुमच्या चौदाशेतले हजार शब्द चित्रात जाणार आहेत. मी चाळणी अशी लावते: चित्रात दिसतं ते मजकुरातून काढायचं. चित्रात दिसू शकत नाही ते ठेवायचं. वास, आवाज, गारवा, किती वेळ लागला, मनात काय आलं, हे चित्रात दिसत नाही. मुलगी पिकात शिरलेली चित्रात दिसतेय, मग ‘ती पिकात शिरली’ कशाला? ‘आत गार होतं. पानं सळसळली की कुणीतरी कुजबुजल्यासारखं वाटायचं.’ इतकंच पुरतं.

तुमचाच एक उतारा घेऊ. तुम्ही लिहिलंय: ‘आजोबा म्हणाले, बाळ, याला कोळपणी म्हणतात. कोळपणीमुळे तण निघते, जमिनीच्या भेगा बुजतात व ओलावा टिकून राहतो.’ एकही चूक नाही. मंगळवेढ्याची ज्वारी भारी काळ्या मातीत धरून ठेवलेल्या ओलीवर येते, म्हणून कोळपणीला तिथे खरंच किंमत आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य पाठ्यपुस्तकाचं वाटतं. मी असं करून बघितलं:

‘काय करताय आजोबा?’
‘रानाला पांघरूण घालाय लागलोय.’

चित्रात कोळप्याच्या पुढे भेगाळलेली माती, मागे भुसभुशीत. झालं. आणि चौथ्या फेरीत, पीक निघाल्यावर, रानात इतक्या रुंद भेगा की तिचा हात आत जातो. ती विचारते, ‘आता पांघरूण नको?’ आजोबा म्हणतात, ‘आता रान निजलंय, निजू दे.’ मोठ्या माणसाला यातलं सगळं विज्ञान कळतं. मुलाला त्यातला खेळ कळतो. विज्ञान त्याच्यापाशी राहतं, पुढे कधी उपयोगाला येतं.

‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा’ हे वाक्य मात्र काढाच. ते खोटं आहे म्हणून नव्हे. आजोबा स्वतःबद्दल असं बोलत नाहीत, हे तुमच्या लेकीला माहीत आहे. तुमच्या सासऱ्यांनी प्रत्यक्षात काय केलं होतं ते आठवा. बांधावर बसून कणीस तळहातावर चोळलं असेल, फुंकर मारून फोलपटं उडवली असतील आणि दाणे तिच्या ओंजळीत ओतले असतील. ते लिहा.

आता वेळा अमावस्या. तुमच्या हस्तलिखितात ती दोन ओळींत उरकली आहे आणि ‘हुरडा पार्टी’ला मात्र दोन पानं दिली आहेत. हे उलटं करा. हुरडा आता पुण्याच्या आसपास तिकीट काढूनही मिळतो. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि सोलापूर जिल्ह्याच्या काही भागात अख्खं घर, गडीमाणसं, शेजारपाजार सगळे शेतात जेवायला जातात, हे कुठल्याही सहलीत मिळत नाही. कडब्याची खोप करतात, पांडवांची पूजा होते, आंबील असते, वेगवेगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे असतात. तुमच्या शिवारात ही चाल कशी आहे ते सासूबाईंना विचारून घ्या. गावोगावी ताटातले पदार्थ आणि पूजेची रीत बदलते, आणि ज्यांच्या घरची आहे त्यांना चूक लगेच दिसते. शहरातल्या बहुतेक मुलांनी हे नावही ऐकलेलं नाही, म्हणून तिला चार जोडपानं द्या. त्यातल्या एका जोडपानाला पुस्तक आडवं धरायचं सोडून उभं फिरवायला लावा: खाली इवलीशी मुलगी, वर पानाच्या टोकापर्यंत ज्वारीची ताटं, आणि अगदी वर आभाळात भोरड्यांचा थवा. भोरड्या हे पक्षी थंडीत येतात आणि कणसांवर तुटून पडतात. मुलीला तो थवा सुंदर दिसतो, आजोबा गोफण उचलतात. दोन्ही खरं आहे. कुणाची बाजू घेऊ नका.

सणांची एक अडचण सांगते, कारण यात पुस्तकं चुकतात. तिथी इंग्रजी तारखेच्या हिशेबात दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे ढकलली जाते. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. 2026 साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती 11 ऑक्टोबरला. पीक पंचांग बघत नाही, पाऊस आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघतं. त्यामुळे एखाद्या दिवाळीला ज्वारी वीतभर असते, एखाद्या दिवाळीला कमरेला. तेव्हा एक वर्ष ठरवा आणि त्याच वर्षीचे चारही फेऱ्यांचे फोटो काढा, त्याच बांधावरून, लेकीला त्याच जागी उभं करून. चित्रकाराला इंटरनेटवरची चित्रं देऊ नका. ज्वारी म्हणून शोधलं की हमखास परदेशातली, यंत्राने कापायची बुटकी ज्वारी समोर येते.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या हातून गेलेल्या एका पुस्तकात ज्वारीची पानं नीट होती, पण कणीस मक्याचं निघालं. ताटाच्या मध्यावर, सालीत गुंडाळलेलं. चित्रकार शहरातला, मीही घाईत, आणि आमच्या कुणाच्याच डोळ्यांना ते खुपलं नाही. सांगोल्याच्या बाजूला एका शाळेत वाचून दाखवताना दुसरीतल्या एका मुलाने पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘बाई, ज्वारीचं कणीस शेंड्याला असतंय.’ त्यानंतर त्याने माझ्या पुस्तकातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून शेताचं एकही चित्र मी शेतात काम करणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय छपाईला जाऊ देत नाही.

चित्रात आजचं शेत हवं. पेरणी ट्रॅक्टरने होत असेल तर ट्रॅक्टर काढा. मळणी यंत्रावर होते, तेव्हा कानाला दडे बसतील असा आवाज आणि डोळ्यांत जाणारा भुसा असतो. मुलांना तो आवाज फार आवडतो, त्याला एक अख्खं पान द्या. खिलार बैलजोडी दावणीला अजून असेल तर तीही काढा, पण नसेल तर शोभेसाठी आणून बांधू नका. शेतकरी म्हणजे धोतर-फेटा घातलेला पुरुष आणि बाई म्हणजे डोक्यावर भाकरीची पाटी, हे चित्र तर आता पुरे. खुरपणी कोण करतं, कणसं मोडायला रांगेत कोण बसतं? बहुतेक बायाच. तुमच्या गोष्टीतली आजी फक्त दारात आणि चुलीपाशी दिसते. तिला रानात आणा.

आणि एक मूल आणा. माझ्या मते तुमच्या हस्तलिखितात सगळ्यात मोठी उणीव ही आहे. तिथे राहणारं, तुमच्या लेकीच्याच वयाचं, कामाला येणाऱ्या बाईचं किंवा शेजारच्या वस्तीवरचं पोर. त्याच्यावाचून शेत हे पाहुण्यांनी बघायचं ठिकाण होऊन बसतं. पहिल्या फेरीला ते लांबून बघतं. दुसऱ्या फेरीला तिला शेजारच्या कापलेल्या रानातल्या धसकटातून चप्पल घालून चाल म्हणतं. तिसऱ्या फेरीला दोघं पिकात हरवतात आणि वाट त्यालाच माहीत असते. चौथ्या फेरीला? मी तिथे ठरवून काही सुचवत नाही. पण एसटी निघताना खिडकीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे चित्र तुमच्या मैत्रिणीला काढू द्या आणि तिथे शब्द घालू नका. हे पोर ज्या शाळेत शिकतं तिथेही तुमचं पुस्तक जाणार आहे. त्याला त्यात स्वतःला शोधता आलं पाहिजे.

बोलीभाषेचं उत्तर सोपं आहे: निवेदन साध्या मराठीत, बोलणं ज्याचं त्याच्या तोंडचं. आजी ‘आलीस व्हय’ म्हणणारच. पण ती बोली खरंच त्या आजीची हवी, सिनेमातली सरसकट ‘गावरान’ नको. सासूबाईंचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यातलीच वाक्यं घ्या. तिफण, कोळपं, पेंढी, खळं, बाटूक हे शब्द तसेच ठेवा. मागे शब्दार्थांची यादी देऊ नका, शेजारी चित्र असताना तिची गरज पडत नाही. जोडाक्षरांची चिंता तुम्ही करताय, तीही सोडा. हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, नव्या वाचकाने अक्षर लावत वाचायचं नाही. मूल पुढे स्वतः वाचेल त्यासाठी अक्षर मोठं, अठरा पॉइंटच्या खाली नको, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ आहेत का ते बघा. 2009च्या शासन निर्णयाने हीच वळणं ठरवली आहेत आणि मूल शाळेत हीच शिकतं. तुमच्या पुस्तकात ‘शेत’ हा शब्द जागोजागी येणार, त्यामुळे हा मुद्दा क्षुल्लक नाही.

दुष्काळ आणि कर्ज. पाच वर्षांच्या मुलापासून दुःख लपवावं असं मला वाटत नाही. ते त्याला दिसतंच, फक्त त्याच्या उंचीवरून. ‘कर्ज’ हा शब्द त्याला दिसत नाही. आजोबा जेवताना बोलले नाहीत, हे दिसतं. फोन आल्यावर बाबा अंगणात गेले, हे दिसतं. तुमच्या सासऱ्यांच्या शेतात एखाद्या वर्षी खरंच कमी पिकलं असेल, तर चौथ्या फेरीत खळ्यावर पोती मोजायचं काम मुलीला द्या. ती दहा बोटं उघडून बसते आणि मोजणी सहाव्या बोटावर थांबते. उरलेली बोटं ती हळूच मिटते. आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवतात. बस्स. पाऊस कमी झाला, असं लिहायचं नाही, कारण तो दर वेळी कमीच होतो असंही नाही. 2025च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुराने सोलापूर जिल्ह्यात उभी पिकं गेली. तुमच्या कुटुंबावर असं काही आलंच नसेल, तर मात्र ते केवळ गांभीर्यासाठी घालू नका. चांगल्या वर्षाची गोष्टसुद्धा सांगण्यासारखी असते.

शेवट तुम्ही पुण्यातल्या ताटातल्या भाकरीवर केलाय: ‘आता कळलं ना भाकरी कुठून येते?’ तो काढा. बत्तिसाव्या, एकट्या पानावर फक्त एक ओंजळ चालेल, किंवा गच्चीच्या कठड्याला टांगलेलं एक कणीस आणि त्यावर चिमणी. शब्द नको.

मैत्रिणीबरोबरचा व्यवहार आधीच लेखी करा. चित्रपुस्तकात चित्रकार अर्धा लेखक असतो. मुखपृष्ठावर दोघींची नावं एकाच आकारात, आणि मानधनात दोघींचा वाटा. प्रकाशक कधी कधी त्यांचा चित्रकार सुचवतात. तेव्हा काय करायचं हेही आधी बोलून ठेवा, नाहीतर मैत्री जाते. आणि प्रकाशक मिळायला वेळ लागला तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. 2015पासून चालू असलेल्या या मंचावर मुक्त परवान्याने गोष्ट ठेवता येते आणि ती इतर भाषांतही जाऊ शकते. मात्र परवान्याच्या अटी समजून घेऊनच ठेवा, कारण तिथे ठेवलेली गोष्ट कुणीही श्रेय देऊन वापरू शकतं.

आता लगेच करायचं काम. एफोरचे आठ कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, मध्ये दोन टाके घाला. बत्तीस पानांची डमी तयार. पेन्सिलने नुसती ओबडधोबड माणसं काढा, मजकूर लिहून त्याच्या चिठ्ठ्या चिकटवा म्हणजे हलवता येतील. जोडपानाच्या मधल्या दुमडीत कुणाचा चेहरा येत नाही ना, ते बघा. मग लेकीला मांडीवर घेऊन वाचा, पण तुमचं लक्ष पुस्तकावर नको, तिच्या हातावर ठेवा. ती पान उलटायला जिथे घाई करेल तिथे मजकूर जास्त झालाय. जिथे ती पान मागे उलटेल, मागचं पीक किती होतं ते पुन्हा बघायला, तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणा असलेली डमी मला पाठवा. टाइप केलेलं हस्तलिखित नको.